जुन्या जनगणनेतून घराण्याचा शोध : मुंबई इलाख्याचे कागद कसे वापरावेत

इंग्रजी अमदानीतल्या जनगणनेत खापरपणजोबांचे नाव सापडेल, या आशेने शोध सुरू करणाऱ्याने एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. ते नाव तिथे मिळणार नाही. इंग्लंडात १८४१ पासूनच्या घरोघरच्या नोंदी जपल्या गेल्या, त्यामुळे तिकडचे लोक घरबसल्या चार-पाच पिढ्या मागे जातात. त्याच सरकारने इथे मात्र पत्रके भरून घेतली, त्यांवरून तक्ते तयार केले आणि मूळ कागद मोडीत काढले. हाती राहिले ते छापील अहवाल आणि आकडे.

म्हणून हे अहवाल निरुपयोगी ठरत नाहीत. नावे असलेले कागद वेगळे आहेत आणि ते तहसील कचेऱ्यांत, भूमी अभिलेख कार्यालयांत, पुराभिलेखागारांत विखुरलेले आहेत. त्यांतले कोणते, कुठल्या कचेरीत, कोणत्या नावाखाली मागायचे आणि मिळालेली नोंद खरी धरायची की नाही, हे ठरवायला जनगणना लागते.

कोणत्या साली काय मोजले

मुंबई इलाख्याची पहिली सर्वसाधारण जनगणना २१ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री झाली. पुढची १७ फेब्रुवारी १८८१ ला. ती बहुतेक सगळ्या हिंदुस्थानात एकाच रात्री झालेली पहिली जनगणना. त्यानंतर दर दहा वर्षांनी. विदर्भ त्या वेळी मुंबईकडे नव्हता. नागपूर, भंडारा, चांदा, वर्धा हे मध्यप्रांतात होते आणि तिथली पहिली गणती १८६६ ची आहे. वऱ्हाड म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळचा मुलूख. तिथली १८६७ ची. मराठवाडा निजामाकडे होता आणि हैदराबाद संस्थानाची पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हा ‘१८७२ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्याचे पान कुठे आहे’ असे विचारत बसण्यात अर्थ नाही.

मुंबई शहराचा हिशेब आणखी निराळा. तिथे १८४९ मध्ये ५,६६,११९, १८६४ मध्ये ८,१६,५६२ आणि १८७२ मध्ये ६,४४,४०५ माणसे मोजली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा शहर फुगले आणि १८६५ मध्ये तो बाजार कोसळल्यावर ओसरले. एखाद्या कोकणी घराण्यात ‘आजोबा मुंबईला गेले आणि चार वर्षांनी परत आले’ अशी आठवण असेल, तर ती या आकड्यांसमोर ठेवून पाहावी. १८८१ ला मुंबईच्या ७,७३,१९६ रहिवाशांपैकी १,२६,१९० जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. जन्मस्थानाचा हा तक्ता स्थलांतरित घराण्यांसाठी अहवालातला सर्वांत कामाचा तक्ता. गिरणगावात वाढलेल्या कुटुंबाला मूळ गाव माहीत नसेल, तर शोध कोणत्या जिल्ह्यापासून सुरू करायचा याचा कौल तो देतो.

जातींचा तपशीलवार तक्ता १९३१ पर्यंत मिळतो. १९४१ ची गणती युद्धामुळे आखडती घेतली गेली. जातीच्या तक्त्यांवर भिस्त ठेवताना मात्र सावध राहावे. दर दहा वर्षांनी शीर्षके बदलत. कुठे मराठा आणि कुणबी एकत्र मोजले, कुठे वेगळे. पोटजाती कधी मुख्य जातीत ओढल्या, कधी ‘इतर’मध्ये टाकल्या. तालुक्यात एखाद्या जातीची माणसे १८८१ ला दिसतात आणि १८९१ ला नाहीत, म्हणजे ती गाव सोडून गेली असे नव्हे. बहुतेक वेळा वरच्या कारकुनाने रकाना बदललेला असतो. छापील तक्त्यावरून कोणत्याही एका कुटुंबाची जात सिद्ध होत नाही. दाखल्यासाठी धडपडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले तर बरेच हेलपाटे वाचतील.

पहिले काम : गावाचा जुना पत्ता

आजचा जिल्हा आणि तालुका घेऊन जुन्या अहवालात शिरू नका. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० ला त्याचे नाव सांगली पडले. त्याआधी तासगाव, वाळवे हे तालुके साताऱ्यात होते आणि सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. माळशिरस तालुका १८७५ पर्यंत साताऱ्यात, मग सोलापुरात. त्यामुळे माळशिरसचे १८७२ चे आकडे सोलापूरच्या तक्त्यात शोधले तर मिळणार नाहीत. खानदेश १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा दुभागला. आजचे जळगाव आणि धुळे त्यातून आले. पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुका दिसेल तो आजच्या बारामती-दौंडकडचा. कुलाबा म्हणजे रायगड.

संस्थानी गावांची अडचण मोठी आहे. सांगली, मिरज, जमखिंडी, फलटण, औंध, भोर, अक्कलकोट यांची गावे इंग्रजी मुलखात विखुरलेली होती. शेजारची दोन गावे, एक खालशातले म्हणजे थेट इंग्रजांच्या ताब्यातले आणि एक संस्थानातले, असे सर्रास असे. आपले गाव संस्थानी होते असे निघाले तर जिल्ह्याच्या जुन्या कागदांत ते नसण्याची शक्यता धरावी आणि आधी पुराभिलेखागाराच्या कोल्हापूर किंवा पुणे शाखेत चौकशी करावी.

गावाचा पत्ता लावायला जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेली मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटिअरे उत्तम. त्यांचे मराठी मुलखाचे बहुतेक खंड १८८० ते १८८६ या काळात छापले गेले. त्यात एक खोच आहे. रत्नागिरी आणि खानदेशचे खंड १८८० चे, म्हणून त्यांत १८७२ ची लोकसंख्या आहे. सोलापूर आणि नगरचे १८८४ चे, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे, म्हणून त्यांत १८८१ चे आकडे आहेत. दोन जिल्ह्यांतली गावे ताडून पाहताना हे विसरले की नऊ वर्षांची गफलत होते. मधल्या काळात १८७६–७८ चा दुष्काळ येऊन गेला होता, त्यामुळे ही गफलत किरकोळ राहत नाही.

गॅझेटिअरे आणि जनगणनेचे जुने खंड दोन्ही आंतरजालावर आहेत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह, भारताच्या जनगणना खात्याचे संकेतस्थळ आणि इंटरनेट अर्काइव्ह ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. शोधताना रोमन लिपीतल्या स्पेलिंगचा घोळ होतो. एकाच गावात ‘व’साठी दोन वेगळी अक्षरे, ‘ऊ’साठी कधी एक कधी दोन अक्षरे, ‘गाव’चे चार प्रकार. वडगाव, पिंपळगाव, निमगाव अशी गावे तर प्रत्येक तालुक्यात दोन-तीन असतात. बुद्रुक आणि खुर्द यांची आद्याक्षरे पाहिल्याशिवाय गाव निश्चित धरू नका. यंत्राने वाचलेल्या मजकुरात शोध लागला नाही म्हणून गाव नाही असे मानू नये. तालुक्याचे पान काढून डोळ्यांनी वाचावे.

छापील आकड्यांचा खरा उपयोग

गाव ठरले की गॅझेटिअर आणि तक्त्यांतून चार गोष्टी टिपून घ्याव्यात : लोकसंख्या, घरांची संख्या, आसपासच्या दोन-तीन जनगणनांतला चढउतार आणि तालुक्यातल्या जाती-व्यवसायांचे प्रमाण. सगळी गावे गॅझेटिअरात नसतात. बाजाराची, देवस्थानाची, किल्ल्याची तेवढी येतात. लहान गाव असेल तर तालुक्याचे आकडे घ्यावेत. गाववार आकडे हमखास हवे असतील तर १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिका पाहाव्यात. तिथून मागे हिशेब लावता येतो.

आता हे आकडे कसे कामाला येतात ते पाहा. समजा, गावात चारशे माणसे आहेत. घरटी पाच माणसे धरली तर ऐंशीच्या आसपास घरे. जमीनमोजणीच्या वेळच्या शेतवार पत्रकात गावाचे तीस खातेदार आहेत आणि त्यांतले बारा एकाच कुळीचे आहेत. म्हणजे अर्ध्याहून जास्त घरांची नावे या पत्रकात येणारच नाहीत. आपले घर भूमिहीन, बलुतेदार किंवा कुळाने कसणारे असेल तर सातबाऱ्याच्या वाटेने जाण्यात वेळ दवडू नये. वतनाचे आणि जन्म-मृत्यूचे कागद आधी बघावेत.

दुसरा उपयोग वंशावळीत पडलेले खंड उलगडण्याचा. १८७२ ते १८८१ मध्ये दख्खनच्या कोरडवाहू तालुक्यांत लोकसंख्या घटलेली किंवा थबकलेली दिसते, त्यामागे दुष्काळ आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लगोलग १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ. १९०१ चे आकडे या सगळ्यांचे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची खूण १९२१ ला उमटते. वंशावळीत एकाच शाखेतली तीन-चार माणसे अचानक नाहीशी होतात तेव्हा आधी ही साले तपासावीत, मग ‘गाव सोडून गेले’ असे लिहावे.

जनगणनेतल्या वयांवर जशीच्या तशी श्रद्धा ठेवू नये. तक्त्यांत तिशी, चाळीस, पन्नास या आकड्यांवर माणसांचा ढीग दिसतो, कारण विचारल्यावर लोक गोल आकडा सांगत. गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत कोतवालाने लिहिलेले वयही त्याच जातीचे. १८९३ मध्ये ‘वय ६०’ अशी मृत्युनोंद असेल तर जन्म १८३३ न लिहिता १८२३ ते १८४३ असा पल्ला लिहावा. बायकांच्या बाबतीत आणखी एक : नाव सांगायला घरच्यांनी हरकत घेतली तर नुसते ‘स्त्री’ लिहायची मुभा गणकांना होती. सरकारी कागदांत बायका नावाविना का सापडतात याचे एक कारण तिथे आहे.

नावे कुठे आहेत

पहिला कागद जनगणनेतूनच निघालेला आहे, आणि तो फार कमी लोक मागतात. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी घरोघरची माहिती उतरवून नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार केली गेली. तीत घरक्रमांक, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, शिक्षण, व्यवसाय असे रकाने आहेत. काही तहसीलच्या अभिलेख कक्षांत या वह्या आजही आहेत. १९५१ मध्ये सत्तरीचा असलेला माणूस १८८१ च्या सुमाराला जन्मलेला. एका पानावर एवढी उडी मारता येते. खुद्द जनगणनेच्या चिठ्ठ्या मागून उपयोग नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या कोणाला पाहायला मिळत नाहीत आणि पुराव्यातही चालत नाहीत. अर्ज लिहिताना ‘जनगणना’ हा शब्द घातला तर कारकून तेच कलम दाखवून अर्ज परत करेल. ‘राष्ट्रीय नोंदवही १९५१, मौजे अमुक’ असे नेमके लिहावे.

दुसरा, गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची ही गावची वही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, पण सलग क्वचितच. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव, जात, तारीख एवढेच असते, कारण नोंद बारशाआधी व्हायची. म्हणून आजोबांचे नाव शोधत वही चाळू नका, पणजोबांचे नाव शोधा. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, कारण असते. पटकी म्हणजे कॉलरा, ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग. एकाच पानावर पटकीच्या वीस नोंदी दिसल्या की सगळे पान उतरवून घ्यावे. चुलत घराणी तिथेच भेटतात.

तिसरा, शाळेचे जनरल रजिस्टर. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत ते मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. जन्मतारीख बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली; १ जून दिसली की शंका घ्यावी. आडनावे मात्र इथे पक्की होतात. कित्येक घराण्यांना आडनाव शाळेतच मिळाले, म्हणून एका भावाचे पवार आणि दुसऱ्याचे गावावरून पडलेले, असेही घडते. विसाव्या शतकाच्या आधीच्या कागदांत आडनाव घेऊन शोधणाऱ्याला निम्म्या नोंदी दिसतच नाहीत.

चौथा आणि सर्वांत भरवशाचा, जमिनीचा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेली मोजणी पुढे इलाखाभर पसरली आणि प्रत्येक शेताला सर्वे नंबर पडला. माणसांची नावे बदलतात, आडनावे बदलतात, सर्वे नंबर टिकतो. म्हणून शोध असा चालवावा :

१. आजच्या सातबाऱ्यावरून गट नंबर घ्यावा. १९४७ च्या कायद्याखाली गावात एकत्रीकरण झाले असेल तर जुना सर्वे नंबर वेगळा असतो. जुना-नवा नंबर दाखवणारा एकत्रीकरणाचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून मागावा.

२. सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कडेला फेरफार क्रमांक असतात. ते सगळे लिहून गाव नमुना ६ मधल्या त्या-त्या फेरफारांची नक्कल घ्यावी. वारस नोंदीच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख, मुले, विधवा, कधी लग्न झालेल्या मुलीही मिळतात.

३. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा. म्हणजे फेरफाराने साधारण तिथपर्यंत जाता येते. त्यापलीकडे शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर, पक्का बुक हे मोजणीचे कागद.

४. त्यापलीकडे पुराभिलेखागार.

बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. आधी तिथे बघून मगच कचेरीची पायरी चढावी.

विदर्भ आणि मराठवाड्यात कागदांची नावे निराळी आहेत, आणि चुकीच्या नावाने मागितलेला कागद ‘उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन येतो. नागपूरकडे बंदोबस्ताची मिसल आणि १९५४–५५ चे अधिकार अभिलेख मागावे. मराठवाड्यात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, सेतवार. हैदराबादी कागद उर्दूतही असतात.

महार, मांग, रामोशी, कोळी अशा घराण्यांना जमिनीच्या कागदांत जागा कमी, पण वतनाच्या कागदांत आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने खालसा होताना पुन्हा नावानिशी याद्या झाल्या. महार वतनाच्या जमिनीवर सगळी भावकी एकत्र नोंदलेली असते. गावातल्या दुसऱ्या कोणत्याही कागदात इतकी महार नावे एका ठिकाणी सहसा मिळत नाहीत.

१८७२ च्या आधी : खानेसुमारी

घरे आणि माणसे मोजायची रीत इंग्रजांनी आणलेली नाही. पेशवाईत कर बसवायला गावाची खानेसुमारी होत असे आणि १८१८ नंतर कंपनी सरकारनेही सुरुवातीला तोच मार्ग धरला. या कागदांत घरधन्याचे नाव, जात, कधी घरातली माणसे आणि गुरेही लिहिलेली असतात. छापील जनगणनेत जे हरवले ते या मोडी बंदांत काही गावांपुरते शिल्लक आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात परगणा आणि गाव सांगून चौकशी करावी. खानेसुमारी नसेल तर लावणी पत्रक मागावे, त्यात कसणाऱ्यांची नावे असतात. कारागीर आणि व्यापारी घराण्यांनी मोहतर्फ्याच्या, म्हणजे धंद्यांवरच्या कराच्या, याद्या पाहाव्यात. इनाम असलेल्या घराण्यांनी १८५२ च्या इनाम कमिशनचे कागद सोडू नयेत. आपला हक्क शाबीत करायला लोकांनी तिथे चार-चार पिढ्यांच्या वंशावळी दिलेल्या आहेत, अर्थात आपल्या फायद्याच्या.

कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले, पण गावची दप्तरे कुलकर्ण्यांच्या घरात राहिली ती राहिलीच. वाड्यातला माळा हाही एक अभिलेख कक्ष आहे. काही दप्तरे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात पोचली आहेत.

मोडी शिकल्याशिवाय इथे पुढे जाता येत नाही. बाराखडी महिन्याभरात येते, हात बसायला सहा महिने लागतात. शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, आणि संक्षेप फार. ‘मौजे’, ‘परगणे’, ‘तर्फ’ यांचे एखाद-दुसरे अक्षर आणि पुढे दोन दंड. नात्यांचे शब्द आधी पाठ करावेत : ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘वलद’ तेच, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मयत’ म्हणजे वारलेला. सातबाऱ्यावरचे ‘अपाक’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि ‘एकुमॅ’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. यातल्या दुसऱ्याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. एकुमॅ एका भावाचे नाव, पण जमीन सगळ्या भावांची; बाकीचे भाऊ नव्हतेच असे धरले की अख्खी शाखा गळते.

सालांचे रूपांतर असे. शकात चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. फसली आणि सुहूर ही साले आपल्याकडे मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. फसलीत मृग ते डिसेंबर ५९०, नंतर ५९१. सुहूर सनात ५९९ आणि ६००. फसली १२८२ म्हणजे जून १८७२ ते जून १८७३. निजामाच्या मुलखातली फसली सालाची सुरुवात वेगळ्या महिन्यात होती, तेव्हा तिथे एक वर्ष इकडे-तिकडे धरावे. तारखेआधी ‘छ’ असेल तर ती मुसलमानी चांद्र महिन्यातली आहे. जंत्रीशिवाय, म्हणजे तारखांच्या कोष्टकाशिवाय, तिचे रूपांतर करू नये.

नावांचा फास

मराठी घराण्यांत नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्यामुळे रामा बिन गोविंदा, गोविंदा बिन रामा, पुन्हा रामा बिन गोविंदा अशी साखळी होते आणि आजोबा-नातू एकच समजून दोन पिढ्या गाळल्या जातात. हा दोष जवळपास प्रत्येक घरगुती वंशावळीत असतो. यावर तीन कसोट्या लावाव्यात. पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरून साले बसतात का? भावांची आणि बायकोची नावे जुळतात का? सर्वे नंबर तोच आहे का? तीनपैकी दोन जुळल्याशिवाय जोड पक्की रेघेने काढू नये, तुटक रेघ काढावी आणि शेजारी कागदाचा क्रमांक लिहावा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या इथे मदतीला येतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावरून यात्रेकरूंच्या नोंदी असतात, बरोबर आलेल्या भावांच्या आणि मुलांच्या नावांसकट. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी जातीचे लोक घराण्यांची वंशावळ सांगतात. हेळव्याने सांगितलेल्या शेवटच्या चार-पाच पिढ्या कागदाशी ताडून पाहता येतात. त्याआधीच्या पिढ्या, विशेषतः राजघराण्याशी जोडणाऱ्या, ऐकून घ्याव्यात आणि बाजूला ठेवाव्यात.

गोव्याच्या घराण्यांनी ब्रिटिश जनगणना बाजूलाच ठेवावी. तिथे पोर्तुगीज कागद आहेत : चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तके, गावकारीच्या (गावच्या सामाईक जमीन संस्थेच्या) नोंदी आणि १९१४ पासूनची नागरी नोंदणी. मॉरिशसच्या मराठी घराण्यांचे काम उलट्या दिशेने चालते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी आहेत, त्यांत नाव, बापाचे नाव, जिल्हा, गाव. पूर्वजाचा स्थलांतर क्रमांक मिळाला की गाव मिळते, पण ते इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानाने लिहिलेले असते. ते जोरात वाचून पाहावे आणि रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटिअरात त्याच्याजवळचा उच्चार शोधावा.

अर्ज करताना

अभिलेख कक्षात तोंडी विचारून सहसा काही मिळत नाही. अर्जात मौजे, तालुका, कागदाचे नेमके नाव आणि नमुना क्रमांक, साल (एक नव्हे, दहा वर्षांचा पल्ला) आणि असेल तर सर्वे नंबर लिहावा. ‘आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद’ असा अर्ज कोणी शोधत नाही. शोधायची फी आणि नकलेची फी वेगवेगळी असते, पावत्या जपाव्यात. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जाने कागद पाहण्याची परवानगी मागावी. आधी पाहणी, मग हव्या त्या पानांची प्रत, हा क्रम स्वस्त पडतो. ‘कागद जीर्ण आहे’ असे उत्तर मिळाल्यास छायाचित्र घेऊ देण्याची विनंती लेखी करावी.

वही हातात आली की आपल्या नोंदीचा फोटो काढून थांबू नये. वहीचे मुखपृष्ठ, सालाचे पान, आपल्या नोंदीच्या आधीचे आणि नंतरचे पान असे चार फोटो घ्यावेत, आणि पहिल्या फोटोत चिठ्ठीवर कचेरी, दप्तर क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. दोन वर्षांनी तीच वही दुसऱ्या रुमालात बांधली गेली तर मागायला तेवढाच आधार असतो.